पंचेचाळीस ग्रॅम

आमच्या कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ड्रॉइंग खोलीच्या साहेबांवर पाऊण पान छापून आले आहे. त्यातले एक वाक्य सोडले तर बाकी सारे चुकीचे आहे. बरोबर असलेले वाक्य हे, की गेल्या वर्षी तळे गावी, आपल्या घरी, ते वारले.

लेखक महाशय त्या काळी कर्मचारी विभागात होते. यंत्रशाळेत ते वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या पूजेला, पेढे वाटायच्या सुमारास येत. असा मनुष्य 'मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे' असे लिहितो, तेव्हा काय म्हणावे? त्यांच्या मते आमचे मुख्य ड्रॉइंग अधिकारी हे 'एक विक्षिप्त पण प्रेमळ व्यक्तिमत्त्व' होते. वजन घटवण्याच्या नादात त्यांनी ट्रेलरच्या चाकाचा हब इतका कातरला की तो भर रस्त्यात तुटला, चाक निखळले, आणि त्या धक्क्याने त्यांनी नोकरी सोडली.

मी त्या कारखान्यात एकवीस वर्षे तपासणी विभाग सांभाळला. तो हब माझ्या हातांखालून गेलेला आहे. चाक निखळले नाही. हब त्यांनी जास्त कातरला म्हणून तडकला नाही. आणि प्रेमळ तर ते मुळीच नव्हते.

हब म्हणजे चाकाच्या मधला ओतीव गाभा. आत बेअरिंगे बसतात, बाहेरून चाक आवळले जाते, आणि गाडीवरचा सारा भार त्याच्यातून जमिनीवर उतरतो. आमचा कारखाना उरणच्या रस्त्याला. मागच्या भिंतीपलीकडे मिठागरे, पुढच्या फाटकासमोर बंदराकडे निघालेल्या ट्रेलरांची रांग. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही जो हब करीत होतो तो बेचाळीस किलोंचा होता आणि सगळे त्याच्यावर खूश होते. साहेब तेवढे नव्हते.

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत एक पितळी ताणकाटा असे. आकड्याला वस्तू लोंबकळवायची आणि वजन वाचायचे. समोर येईल ती वस्तू ते तोलत आणि खडूने तिच्यावरच आकडा लिहून ठेवीत. खुर्ची, चहाची किटली, हजेरीपट, शिपायाची छत्री, माझ्या डब्याचे झाकण. एका दुपारी त्यांनी ड्रॉइंग खोलीचे दार बिजागऱ्यांतून उतरवून तोलले. पुढे रंगारी आला. त्याला तो आकडा सरकारी वाटला. त्याने आकड्याभोवती एक चौकोन सोडून बाकीचे दार इमानेइतबारे रंगवले. तो चौकोन अजून आहे म्हणतात. स्मरणिकेत लिहिले आहे की कामगार त्यांना 'वजनकाटे' म्हणून चिडवीत. आम्ही त्यांना 'ग्रॅमसाहेब' म्हणत असू, आणि तेही पाठीमागे. नाव छापायचेच होते तर निदान नीट विचारून छापायचे.

'मजबूत' हा शब्द त्यांच्या खोलीत उच्चारण्याची सोय नव्हती. कोणी उच्चारलाच, तर ते पेन्सिल खाली ठेवून विचारीत, "मजबूत म्हणजे किती?" आणि स्वतःच पुढे म्हणत, "ज्याला मोजता येत नाही त्याने वापरायचा शब्द आहे तो." त्यांचा स्वतःचा शब्द 'पुरे' हा होता. ड्रॉइंगवर रेघ ओढून झाली की पुटपुटत, 'पुरे'. जेवताना ताटात भात पडू लागला की हात आडवा धरीत, 'पुरे'. माझी बढती झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी एक उचलला, तळहातावर किंचित वरखाली करून पाहिला, अर्धा मोडून परत ठेवला आणि म्हणाले, "पुरे." अभिनंदन त्यात आले असे मी धरले.

मला ते नावाने कधी हाक मारीत नसत. "इन्स्पेक्टर, इकडे या," एवढेच. असेच एकदा त्यांनी मला मागच्या भिंतीपाशी नेले आणि फटीतून मिठागराकडे पाहायला सांगितले. बांधावरून एक मनुष्य डोक्यावर मिठाची पाटी घेऊन झपाझप चालला होता.

"किती ओझं असेल?" त्यांनी विचारले.

"तीसेक किलो."

"पळतोय की नाही? आता पाहा."

बांध संपला, चिखल लागला. त्या माणसाच्या पायांना गाऱ्याचे लपके चिकटले. चार पावलांत तो थांबला, एक पाय झटकला, दुसरा झटकला, आणि मग पुढे गेला.

"डोक्यावर तीस किलो चालतात त्याला," साहेब म्हणाले. "पायाला पाव किलो चालत नाही. स्प्रिंगच्या वरचं वजन गाडी वाहते. खालचं वजन गाडीला छळतं. आणि तुमचे मालक मला सांगतात, चाकाकडे बघू नका, वर टपाचा पत्रा पातळ करा."

मालक तसे सांगत होते हे खरे. मालक भला माणूस, पण व्यापारी. ते म्हणत, "अरे भाई, हलका कशाला? गिऱ्हाईक हातात घेऊन बघतो. जड लागला तर बोलतो, माल सारो छे." तीन महिने साहेब त्यांना समजावीत होते आणि तीन महिने मालक सारो छे म्हणत होते. हा तिढा साहेबांच्या हिशेबाने सुटला असे स्मरणिका म्हणते. तो एका मासळीवालीने सोडवला, आणि मी तेथे उभा होतो.

ती करंजा गावाकडून यायची आणि दुपारी आमच्या फाटकाशी टेकायची. त्या दिवशी साहेब तिच्या वाटेवर उभे राहिले आणि तिच्या डोक्यावरच्या पाटीकडे पाहू लागले.

"मावशी, तुमची रिकामी पाटी किती भरते, माहीत आहे का?"

"अरं सायबा, बोलाचा तं मंग बोल. पयले पाटीला हात लाव!"

साहेबांनी हात लावला, दोघांनी मिळून पाटी खाली उतरवली. मासळी फडक्यावर ओतून घेऊन त्यांनी खरोखरच ती पाटी ताणकाट्याला लटकवली. पावणेदोन किलो. खिशातून खडूही निघाला.

"लिवतंस कं काय तिच्यावर? धंद्याची पाटी हाय ती!"

"मावशी, ही अर्ध्या वजनात होईल. मी आकृती काढून देतो. तुमच्या मानेचा त्रास कमी होईल."

ती कमरेवर हात ठेवून हसली. "मानंचा काय घेऊन बसलास? पाटी हलकी झाली तं मी काय हलकी चालन? दोन वाटं जास्ती घेन!"

साहेबांनी खडू खिशात टाकला. मग माझ्याकडे वळले. "ऐकलंत, इन्स्पेक्टर? चला. मावशी, तुम्हीही चला."

तिला त्यांनी मालकांच्या खोलीत नेले. गालिच्यावर मासळीच्या पाण्याचे थेंब पडले. "पुन्हा बोला," ते तिला म्हणाले. ती पुन्हा बोलली, आणि वर मालकांना विचारले, "शेट, मांदेली घेतंस कं?" मालक कट्टर शाकाहारी; पण दोन वाटे जास्ती, हे त्यांना कळले. एका ट्रेलरला सहा हब. प्रत्येकाचे आठ किलो उतरले तर दर खेपेला तेवढा माल जास्त, आणि तोही जन्मभर. "बनवा," ते म्हणाले. साहेबांनी त्या बाईकडून एक वाटा मांदेली घेतली आणि माझ्या हातात दिली, कारण ते स्वतः मासे खात नसत. ही मासळीवाली स्मरणिकेत कोठेही नाही. तेथे 'व्यवस्थापनाची दूरदृष्टी' आहे.

आता राहिला प्रश्न धातू कोठून काढायचा हा. 'परदेशी कॅटलॉगांवरून प्रेरणा घेऊन' असे लेखक महाशयांनी ठोकून दिले आहे. प्रेरणा चौलला माझ्या वाडीत घेतली गेली. मला ते सिद्ध करता येणार नाही. पण मला जे दिसले ते मी सांगतो. एका रविवारी ते माझ्याकडे जेवायला आले होते. वाऱ्याने एक पोफळ आडवी झाली होती आणि गडी तिचे पन्हळ करीत होता. सुपारीचे हे झाड बाहेरून हाडासारखे कठीण आणि आतून भुसभुशीत असते. उभे चिरून आतला भुसा खरवडला की शिंपण्याचे पाणी वाहून न्यायला उत्तम पन्हळ होते. आमच्याकडे हे पोरासोरांना ठाऊक. साहेब मात्र उकिडवे बसले, खरवडलेला भुसा त्यांनी रुमालात घेतला, तोलला, मग उरलेली साल तोलली, आणि उभ्या असलेल्या पोफळींकडे मान वर करून पाहत राहिले. सुपाऱ्या उतरवणारा एक पाडेली शेंड्यावरूनच झोका घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जात होता.

घरातून बायकोने दोनदा हाक मारली. शेवटी ती अंगणात येऊन म्हणाली, "भावोजी, पानं वाढलीत. पोफळी कुठे जात नाहीत."

"वहिनी, एवढा माणूस शेंड्यावर आहे, आणि आत नुसता भुसा," ते म्हणाले. मग पानावर येऊन बसले. सोलकढीच्या दुसऱ्या वाटीला मात्र 'पुरे' म्हणायचे विसरले.

दोन महिन्यांनी आलेल्या ड्रॉइंगमध्ये हबच्या पोटातला, दोन बेअरिंगांच्या मधला निरुपयोगी धातू काढलेला होता, आणि चाक जेथे आवळले जाते त्याच्या मागची मान नाजूक वळणाने बारीक केलेली होती. सुरेख दिसत होते. मी तपासनीस, सुरेख हा शब्द मी कामाच्या बाबतीत सहसा वापरत नाही.

पहिला नमुना ओतून, कातून माझ्या टेबलावर आला तेव्हा बरोबर चौतीस किलो भरला. साहेबांनी खडूने त्यावर आकडा लिहिला, मला दाखवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले त्याला मी हसू म्हणतो. तो हब बंदराच्या एका ट्रेलरला चाचणीसाठी चढवला. तीन आठवडे गाडी उरण-पनवेल फेऱ्या मारीत होती. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती आमच्या फाटकातून अगदी हळू आत आली. ड्रायव्हर जासईचा. खाली उतरून म्हणाला, "सायेब, चाक गानी म्हनतंय. मना भ्या वाटला, म्हनून हलू हलू आनली गारी."

निखळले म्हणतात ते चाक हे असे स्वतःच्या पायांनी घरी आले.

हब उतरवला. मानेवर केसासारखी तड होती, बोटभर लांब. मालक आले, फाउंड्रीवाला आला, आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. साहेब गुडघे टेकून बसले. पेट्रोलच्या बोळ्याने त्यांनी वंगण पुसले आणि भिंग लावले. वंगणाखालून दोन आकडे वर आले. इंग्रजी तीन आणि इंग्रजी चार, पोलादी पंचाने ठोकून उमटवलेले. तड चाराच्या पायातून निघाली होती.

तो चौतीस मी ठोकला होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. आमच्या विभागाची रीत होती: पास झालेल्या प्रत्येक हबवर हातोडीने नंबर उमटवायचा, आणि तो मानेवर, कारण तेथे सपाट जागा असते आणि तो सहज वाचता येतो. बेचाळीस किलोंच्या हबवर आम्ही हजारो नंबर तसे ठोकले आणि त्या जाड मानेला काही झाले नाही. खडू पुसला जातो. साहेबांचा तो आकडा पुसला जाऊ नये असे मला वाटले. ते खोलीबाहेर गेल्यावर मी पंच काढले, नंबराच्या जागी तोच आकडा धरला आणि रोजच्यापेक्षा अंमळ जोरानेच घाव घातले. मान आता बारीक आहे, आणि बारीक मानेवर पडलेला चरा म्हणजे तडेला दिलेले आमंत्रण, हे मला कळत नव्हते असे नाही. त्या क्षणी आठवले नाही. हाताला सवय होती.

साहेबांनी अंगठा त्या चारावरून फिरवला. एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिले. मग उठून गुडघे झटकले.

"कोणाची चूक?" मालकांनी विचारले.

"ड्रॉइंगची."

"म्हणजे तुमची?"

"ड्रॉइंगवर सही माझी आहे."

मी तोंड उघडले नाही. इतरांच्या चुका पकडण्याचा पगार घेणारा मनुष्य दहा जणांसमोर स्वतःची कशी सांगणार? जेवणाच्या सुट्टीत मात्र मी त्यांच्या खोलीत गेलो.

"साहेब, तो पंच मी मारला होता."

"माहीत आहे. तुमच्या चाराचा पाय तिरका असतो."

"मग तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"नंबर कुठे मारायचा हे ड्रॉइंगवर लिहिलं होतं का?"

"नव्हतं. पण एवढी अक्कल मला—"

"अक्कल गृहीत धरली, इन्स्पेक्टर, तीच चूक. बेअरिंगची जागा मी दाखवली, बोल्टची दाखवली. हातोडी घेतलेला माणूस येणार हे मला ठाऊक होतं, त्याची जागा दाखवली नाही. जा, जेवून घ्या."

म्हणून म्हणतो, प्रेमळ नव्हते. त्यांनी मला पाठीशी घातले नाही. मला त्यांनी उष्णतेसारखे, कंपनासारखे हिशेबात धरायचे राहून गेलेले एक कारण मानले. त्याचा मला फार राग आला. मालकांकडे जाऊन खरे सांगावे असे त्या आठवड्यात रोज वाटले, आणि रोज तो राग आडवा आला. यांना माझी चूकसुद्धा माझी वाटत नाही, तर मी कशाला सांगू? पुढच्या महिन्यात त्यांच्या दारावरची 'मुख्य' ही पाटी दुसऱ्याच्या दारावर गेली आणि त्यांचे टेबल भांडाराशेजारच्या बोळात आले. तेव्हाही मी गप्प राहिलो. रागाला तोवर सवय झाली होती.

त्या बोळात ते चौदा महिने बसले. स्मरणिका म्हणते, 'धक्क्याने नोकरी सोडली'. धक्का लागलेला मनुष्य चौदा महिने तेच ड्रॉइंग पुन्हा काढीत बसत नाही. नव्या ड्रॉइंगमध्ये मान पहिल्याइतकीच बारीक होती. एका मिलिमीटरनेही त्यांनी माघार घेतली नव्हती. फरक एकच. हबच्या जाड कडेवर, जेथे काही ताण येत नाही अशा ठिकाणी, काडेपेटीएवढा एक बुटका उंचवटा होता, आणि बाणाने लिहिले होते: 'नंबर येथे, अन्यत्र नाही.' तो नमुना चौतीस किलो पंचेचाळीस ग्रॅम भरला. मी तो तपासला, उंचवट्यावर नंबर मारला. गाडी सहा महिने चालली, काही झाले नाही. ज्या दिवशी चाचणी पास म्हणून मी सही केली त्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. पिशवी खांद्याला लावून माझ्या टेबलाशी आले, म्हणाले, "पुरे," आणि गेले. चौलहून तळे काही काशी नव्हे. भेटायला मी कधी गेलो नाही.

गेल्या महिन्यात कारखान्यातून एक तरुण इंजिनियर मुलगी मला भेटायला आली. स्मरणिकेची प्रत तिनेच आणली. आता ती त्या खोलीत बसते, चौकोनवाल्या दाराच्या आत. ओटीवर बसून तिने लॅपटॉपवर मला तो हब दाखवला, सगळ्या बाजूंनी फिरवून. धातू तोच, वळण तेच.

"काका, कडेवरचा हा पॅड कशासाठी आहे? 'नंबर येथे, अन्यत्र नाही' असं लिहिलंय, पण अन्यत्र का नाही, ते कोणालाच माहीत नाही. सॉफ्टवेअर म्हणतं इथे लोडच नाही, काढून टाका. नंबर तर आता लेझरने येतो, पंच कोणी मारत नाही. पंचेचाळीस ग्रॅम वाचतात."

"राहू द्या तो," मी म्हणालो.

"पण कारण काय?"

"कारण आहे."

"काका, 'कारण आहे' असं ड्रॉइंगवर कसं लिहू?"

अगदी त्यांच्यासारखी बोलली. मी तिला सुपारी देऊन वाटेला लावले आणि आठ दिवस विचार केला. साहेब असते तर त्यांनी काय केले असते, यात मला शंका नाही. हातोडीवाला मनुष्यच उरला नाही, म्हटल्यावर त्यांनी स्वतः कानस घेऊन तो उंचवटा घासून टाकला असता. आणि तो गेला, की तो का होता हे विचारायला कोणी उरणार नाही. ड्रॉइंग स्वच्छ होईल, स्मरणिकेतले पाऊण पान खरे ठरेल, आणि मी सुखाने मरेन. फार सोपे होते ते.

काल तिला फोन करून हे सारे सांगितले. ती म्हणाली, "मग ठेवू का पॅड?"

"काढा," मी म्हणालो. "फक्त त्याआधी मी लिहितो आहे ते छापा."

स्मरणिकेच्या संपादकांना ही प्रत पाठवीत आहे. लेखक महाशयांनी हवे तर उत्तर द्यावे. मी तयार आहे. साऱ्या आयुष्यात त्या माणसाने वजन उतरवले, आणि एवढे एकच स्वतःहून चढवले. ते माझे होते. पाटी उतरवताना समोरच्याने हात लावायचा असतो. मी तो फार उशिरा लावतो आहे.